खर्जाचा स्वर आणि ड्रमवादकाचा हात : इलेक्ट्रॉनिक ड्रमांवरील बेसवादनाचा इतिहास

१

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या वाद्यवृंदात खर्जातील भाग वाजविणारा एक स्वतंत्र वादक असतो. त्या भागास 'बेस' अशी संज्ञा आहे. ताल ड्रमवादकाने सांभाळावा आणि खर्जातील स्वर बेसवादकाने पुरवावेत, ही कामाची वाटणी आज इतकी अंगवळणी पडली आहे की, ती वाद्यांच्या स्वभावातूनच उद्भवली असावी असा समज सहज होतो. प्रत्यक्ष इतिहास या समजाला पुष्टी देत नाही. बेसवादक उपस्थित नसता त्याचा भाग अन्य कोणी उचलावा, अशी गरज वाद्यवृंदांना वारंवार पडत आली आहे. आणि ती भागविण्याचे जे मार्ग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाले, त्यांपैकी इलेक्ट्रॉनिक ड्रमांवर बेसचे स्वर वाजविण्याचा मार्ग हा सर्वांत उशिरा निघालेला व सर्वांत कमी अभ्यासिला गेलेला होय.

या मार्गाविषयी सामान्यतः दोन मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे ही निव्वळ काटकसर आहे : एका माणसाची बिदागी वाचावी म्हणून त्याच्या जागी यंत्र आणले गेले. दुसऱ्या मताप्रमाणे ही तंत्रविद्येची स्वाभाविक प्रगती आहे आणि तिच्याविषयी खंत करण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ही दोन्ही मते एका महत्त्वाच्या भेदाकडे दुर्लक्ष करतात. आधीच ध्वनिमुद्रित केलेला अथवा यंत्रात क्रमवार भरून ठेवलेला बेस आणि ड्रमवादकाने त्या त्या क्षणी आघात करून उमटविलेला बेस, या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत वादकांना यंत्रामागून चालावे लागते. दुसरीत यंत्राला वादकाच्या हातामागून चालावे लागते. हा भेद ध्यानात घेऊन इलेक्ट्रॉनिक ड्रमांचा इतिहास पाहिला असता तो हाताच्या हकालपट्टीचा इतिहास न ठरता, एका हाताचे काम दुसऱ्या हाताकडे सोपविले जाण्याचा इतिहास ठरतो, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे. या सोपवणुकीत काय साधले आणि काय गमावले, याचाही हिशेब अखेरीस मांडावयाचा आहे.

२

चर्मवाद्याने खर्जाचा स्वर धरावा ही कल्पना नवी नाही. युरोपीय वाद्यवृंदातील टिंपनी हे त्याचे ठळक उदाहरण. सतराव्या-अठराव्या शतकांत ही नगारासदृश वाद्ये बहुधा जोडीने वापरीत आणि त्यांपैकी एक षड्जाशी व दुसरे पंचमाशी जुळविलेले असे. तुताऱ्यांचा घोष चालू असता खालून षड्ज-पंचमाचा आधार देणे हे त्यांचे काम. म्हणजे येथे ताल आणि खर्ज ही दोन्ही कामे एकच वादक करीत होता. बीथोव्हनने १८२४ साली प्रथम सादर झालेल्या आपल्या नवव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागात टिंपनीची जोडी एका सप्तकाच्या अंतराने जुळवून तिला स्वररचनेतच सामावून घेतले. पुढे १८८१ साली ड्रेस्डेन येथे पायाने ताण बदलता येणाऱ्या टिंपनीची रचना सिद्ध झाली आणि वादन चालू असतानाच स्वर पालटणे सुलभ झाले. बार्तोकच्या १९३६ सालच्या 'तंतुवाद्ये, ताडनवाद्ये आणि सेलेस्टा' यांसाठी रचिलेल्या कृतीत टिंपनीवरून घसरत जाणारे स्वर ऐकू येतात, ते या सोयीमुळेच.

मराठी श्रोत्यास तर ही कल्पना मुळीच परकी वाटू नये. तबल्याच्या जोडीतील डग्गा मनगटाच्या दाबाने स्वर वरखाली करतो. पखवाजाच्या डाव्या मुखावर ओली कणीक लावून त्याचा नाद गंभीर केला जातो. गोमंतकातील घुमटाच्या मातीच्या घटाचे एक तोंड कातड्याने मढविलेले असते आणि दुसऱ्या उघड्या तोंडावर तळहाताची झाकउघड करून नादात पालट घडविला जातो. उजव्या हाताच्या तबल्याचा व मृदंगाचा नाद निश्चित स्वराचा का असतो, याचे शास्त्रीय विवेचन चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केले आहे. शाईच्या लेपामुळे या वाद्यांचे उपस्वर मूळ स्वराशी सरळ पटीत येतात, हा त्यांचा सिद्धान्त. १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात त्याचे पहिले निवेदन प्रसिद्ध झाले. साध्या, एकसारख्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर असे सरळ पटीत नसतात. म्हणूनच पाश्चात्त्य ड्रमसंचातील पायाने वाजवावयाच्या मोठ्या ड्रमाचा आवाज खोल असूनही त्याचा स्वर अमुकच, असे कानाला सांगता येत नाही.

येथे एक सावधगिरी राखणे अवश्य आहे. डग्ग्याचे कार्य आणि बेसचे कार्य सर्वस्वी एक नव्हे. आपल्या संगीतात आधारस्वर तंबोऱ्याने अखंड धरलेला असतो आणि तो मैफलभर पालटत नाही. पाश्चात्त्य लोकप्रिय गीतात कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचा समूह, दर एक-दोन मात्रागटांनी बदलत जातो आणि प्रत्येक नव्या कॉर्डचा मूळ स्वर खाली उभा करणे हे बेसचे मुख्य काम असते. यास्तव बेसवादकाची जागा घेऊ पाहणाऱ्या ताडनवाद्याला तीन गोष्टी साधाव्या लागतात. पहिली, आघाताला निश्चित उच्चता असली पाहिजे. दुसरी, स्वराचा अवधी वादकाच्या ताब्यात असला पाहिजे; तो हवा तितका टिकला पाहिजे आणि हवा तेव्हा थांबला पाहिजे. तिसरी, अनेक स्वरांतून हवा तो स्वर ऐन वेळी निवडता आला पाहिजे. उच्चता, अवधी आणि निवड या तिन्ही गोष्टी इलेक्ट्रॉनिक ड्रमांनी एकदम नव्हे, तर एकेक करून सुमारे दहा वर्षांत मिळविल्या. त्यांचा क्रम पाहणे उद्बोधक आहे.

३

तत्पूर्वी, हे काम अन्य वादकांनी कसे केले ते पाहू. ताल आणि खर्ज यांची आजची काटेकोर वाटणी मुख्यतः अमेरिकेतील जॅझ व नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदांतून रूढ झाली. प्रारंभी खर्जाचा भाग ट्यूबा किंवा उभ्या डबल बेसकडे असे. १९५१ साली लिओ फेंडर याच्या कारखान्यातून विद्युत् बेस गिटार बाहेर पडली आणि बेसवादकाचे स्थान पक्के झाले. या गिटारीच्या सर्वांत खालच्या तारेची कंपनसंख्या दर सेकंदास सुमारे ४१ आणि तिच्या वरच्या तारेची ५५ असते. हे दोन आकडे पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहेत.

याच सुमारास बेसवादकावाचून काम चालविण्याचे प्रयोगही चालू होते. जिमी स्मिथ या ऑर्गनवादकाने १९५० च्या दशकात हॅमंड ऑर्गनवर डाव्या हाताने आणि पायाखालच्या पट्ट्यांनी बेस वाजवून जॅझमधील ऑर्गनत्रयीला लोकप्रियता मिळवून दिली. त्या त्रयीत वेगळा बेसवादक नसे. १९६५ साली लॉस एंजेलिस येथे स्थापन झालेल्या 'द डोअर्स' या चमूतही प्रत्यक्ष कार्यक्रमात बेसवादक नव्हता. रे मॅन्झारेक उजव्या हाताने ऑर्गन आणि डाव्या हाताने बेसपुरत्या स्वरांचा छोटा विद्युत् पियानो वाजवीत असे. मात्र ध्वनिमुद्रिकांसाठी याच चमूने अनेकदा बेसवादक बोलाविले. १९७५ च्या सुमारास मूग कंपनीने 'टॉरस' नावाची तेरा पट्ट्यांची पायपेटी बाजारात आणली. कॅनडातील 'रश' या तिघांच्या चमूतील गेडी ली हा बेसवादक, दोन्ही हात कळफलकावर गुंतलेले असता, अशा पट्ट्या पायाने दाबून खर्जाचा भाग चालू ठेवी.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. बेसचे काम कळफलक वाजविणाऱ्याच्या मोकळ्या अवयवाकडे गेले. ड्रमवादकाकडे ते जाऊ शकले नाही; कारण त्याच्या हाताखाली स्वर देणारे वाद्यच नव्हते.

४

इलेक्ट्रॉनिक ड्रमांना प्रथम उच्चता मिळाली. १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमधील 'मूडी ब्लूज' या चमूचा ड्रमवादक ग्रेम एज याने इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच वापरण्याचा प्रयत्न केला. त्याच काळात जर्मनीतील 'क्राफ्टवेर्क' या चमूने, धातूच्या काडीचा धातूच्या तबकडीला स्पर्श होताच विद्युत्‌मंडल पूर्ण होऊन नाद उमटावा, अशी योजना केली. १९७६ च्या सुमारास अमेरिकेत जो पोलार्ड याचा 'सिनड्रम' आला. यात काडीचा आघात एका इलेक्ट्रॉनिक आंदोलकाला जागा करीत असे व त्या आंदोलकाची कंपनसंख्या खुंटी फिरवून ठरविता येई. १९८१ साली ब्रिटनमध्ये सिमन्स कंपनीचा 'एसडीएस-५' हा षट्‌कोनी पाट्यांचा संच निघाला. त्यात प्रत्येक पाटीसाठी उच्चता, क्षयकाल आणि आघातानंतर स्वर किती खाली घसरावा, हे ठरविण्याच्या स्वतंत्र खुंट्या होत्या. घसरत जाणारा स्वर हा या पिढीच्या ड्रमांचा ओळखीचा आवाज. बेसच्या दृष्टीने मात्र तो दोषच. कारण घसरणाऱ्या स्वरावर कॉर्ड उभा राहू शकत नाही. घसरण शून्यावर आणली की एका पाटीचा एक स्थिर स्वर मिळे. टिंपनीची अठराव्या शतकातील अवस्था इलेक्ट्रॉनिक ड्रमांनी अशा रीतीने गाठली.

अवधीचा प्रश्न दुसऱ्या दिशेने सुटू लागला. जपानमधील रोलँड कंपनीने १९८० साली 'टीआर-८०८' हे तालयंत्र काढले. हे काडीने वाजविण्याचे वाद्य नव्हते. बोटाने कळा दाबून तालाचा आराखडा त्यात भरावयाचा आणि यंत्राने तो वाजवावयाचा, अशी त्याची रीत. १९८३ पर्यंत त्याचे उत्पादन बंदही झाले; एकंदर सुमारे बारा हजार नग बनले. परंतु त्यातील मोठ्या ड्रमाच्या आवाजाने पुढील इतिहास घडविला. या यंत्रात ड्रमाचा आवाज मुद्रित करून ठेवलेला नव्हता. एका अनुनादी मंडलाला क्षणिक विद्युत्‌धक्का द्यावयाचा आणि ते मंडल आपल्या नैसर्गिक कंपनसंख्येने हळूहळू विरत जाईपर्यंत आंदोलित राहावयाचे, अशी त्याची रचना. टोल दिलेल्या घंटेचे वर्तन असेच असते. हा विरत जाण्याचा काळ वाढविण्याची खुंटी यंत्रावर होती. ती पुरती फिरविली की ड्रमाचा ठोका ठोका न राहता लांबलेला, गोल, घुमणारा स्वर होई. त्याची कंपनसंख्या पन्नासच्या आसपास, म्हणजे बेस गिटारीच्या खालच्या दोन तारांच्या मधोमध पडे. ड्रम म्हणून निर्मिलेला हा नाद कानाला बेस वाटू लागला, तो या कारणाने.

परंतु याच यंत्रावर मोठ्या ड्रमाची उच्चता बदलण्याची खुंटी नव्हती. स्वर होता, अवधी होता, निवड नव्हती. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून न्यूयॉर्क व मायामी येथील हिप-हॉप संगीतात हा लांबविलेला नाद बेसच्या जागी ऐकू येऊ लागला. पुढे नमुनायंत्रे, म्हणजे कोणताही ध्वनी मुद्रित करून वेगवेगळ्या उच्चतेवर वाजविणारी यंत्रे, स्वस्त होत गेली, तसा तो नाद हव्या त्या स्वरावर वाजविता येऊ लागला. आज '८०८' हा शब्द अनेक संगीतकारांच्या बोलण्यात तालयंत्राचे नाव म्हणून नव्हे, तर एका जातीच्या बेसचे नाव म्हणून येतो. ड्रमाच्या नावाने बेस ओळखला जावा, याहून या दोन कामांच्या मीलनाची मोठी साक्ष शोधण्याची गरज नाही.

याच कंपनीने १९८१-८२ च्या सुमारास 'टीबी-३०३' हे स्वतंत्र बेसयंत्रही काढले होते. एकट्या गिटारवादकाला सरावासाठी व साथीसाठी बेसवादकाची उणीव भासू नये, हा त्याचा हेतू. १९८४ पर्यंत तेही बंद पडले. बेसवादकाची हुबेहूब नक्कल म्हणून ते यशस्वी झाले नाही. त्याचे खरे चीज पुढे शिकागोच्या नृत्यसंगीतात, निराळ्याच कामासाठी झाले. बेसची नक्कल करण्यासाठी बनविलेले यंत्र त्या कामी अपुरे ठरले आणि ड्रमासाठी बनविलेल्या यंत्राने बेसची जागा घेतली, ही गोष्ट वाद्यांच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

५

तिसरी गोष्ट निवडीची. ती सुटली एका वाद्याने नव्हे, तर एका संकेताने. निरनिराळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांस जोडता यावीत म्हणून 'मिडी' नावाची संकेतपद्धती ठरविण्यात आली. तिच्या पुरस्कर्त्यांत रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतील डेव्ह स्मिथ हे प्रमुख होते. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात भरलेल्या वाद्यप्रदर्शनात दोन भिन्न कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून तिचे प्रात्यक्षिक दाखविण्यात आले. या पद्धतीत प्रत्येक स्वराला ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक असतो. आघात झाला की त्या स्वराचा क्रमांक आणि आघाताचे बळ, एवढीच वार्ता तारेतून जाते. तो आघात कळफलकाच्या पट्टीवर बोटाने झाला की पाटीवर काडीने, याची दखल पुढच्या यंत्राला नसते. स्वर देण्याचा अधिकार कळफलकाच्या मक्तेदारीतून बाहेर पडला, तो येथे.

१९८५ साली रोलँडने 'ऑक्टापॅड' नावाची आठ पाट्यांची पेटी काढली. तिच्यात स्वतःचा आवाज मुळीच नव्हता. पाटीवर काडी पडली की ठरलेला क्रमांक तारेवाटे बाहेर जावयाचा आणि जोडलेल्या दुसऱ्या यंत्रातून आवाज निघावयाचा. ड्रमवादकाच्या दृष्टीने हा मोठा पालट होता. आठांपैकी चार पाट्यांना ड्रमांचे आवाज आणि उरलेल्या चारांना बेसचे चार स्वर नेमून दिले की, ज्या गीतात तीनचार कॉर्डच आहेत त्याचा बेस त्याच्या हातात आला. १९९१ साली ठरलेल्या सर्वसामान्य मिडी क्रमवारीत या एकरूपतेचे एक बोलके उदाहरण सापडते. त्या क्रमवारीत दहावा मार्ग ताडनवाद्यांसाठी राखीव आहे आणि त्या मार्गावर ३६ हा क्रमांक म्हणजे मोठा ड्रम. तोच ३६ क्रमांक अन्य मार्गावर पाठविला, तर तो दर सेकंदास सुमारे ६५ कंपनांचा मंद्र स्वर होतो. आघात तोच, क्रमांक तोच; मार्ग पालटला की ड्रमाचा बेस होतो.

या वादनाच्या तांत्रिक बाजू येथे थोडक्यात सांगितल्या पाहिजेत; कारण इतिहासाचे निर्णय पुष्कळदा अशा बारकाव्यांवर अवलंबून असतात. काडी पाटीवर पडते व लगेच उडते. बोटासारखी ती स्वर दाबून धरू शकत नाही. म्हणून आघातानंतर स्वर किती वेळ वाजावा, हा अवधी प्रत्येक पाटीसाठी आधीच नेमून द्यावा लागतो. मंद गीतासाठी नेमलेला अवधी जलद गीतात ठेवला, तर एक स्वर दुसऱ्यावर चढतो. खर्जात हा दोष असह्य होतो. ४१ व ४४ कंपनांचे दोन लगतचे स्वर एकदम वाजले, तर सेकंदास दोनतीन वेळा हेलकावे खाणारा घोंघाट ऐकू येतो आणि मूळ कॉर्ड झाकोळून जातो. यावर उपाय असा की, बेसच्या सर्व पाट्या एका गटात बांधावयाच्या व नव्या आघाताने जुना स्वर आपोआप तोडावयाचा. बेस गिटारवर एका तारेवरील नवा स्वर जुन्याला असाच संपवितो.

दुसरी बाब विलंबाची. तंतुवाद्याच्या कंपनावरून स्वर ओळखणाऱ्या यंत्राला स्वर ठरविण्यापूर्वी किमान एक पूर्ण कंपन ऐकावे लागते. ४१ कंपनांच्या स्वराचे एक कंपन पूर्ण होण्यास सुमारे २४ सहस्रांश सेकंद लागतात, आणि तेवढा उशीर तालात जाणवतो. पाटीला स्वर ओळखावयाचा नसतो. तो आधीच ठरलेला असतो. तिला फक्त आघात ओळखावयाचा असतो, आणि तो फार थोड्या वेळात ओळखता येतो. म्हणजे इलेक्ट्रॉनिक यंत्रातून खर्जाचा स्वर वेळेवर मिळविण्याच्या कामी काडी व पाटी ही जोडी तारेपेक्षा अधिक सोयीची ठरते. बेस ड्रमवादकाकडे जाण्यास काटकसरीइतकेच हेही कारण आहे, परंतु त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

६

हे साधन हाती आल्यावर वादकांनी त्याचा उपयोग कसा केला? येथे आरंभी सांगितलेला भेद पुन्हा आठवला पाहिजे. बिल ब्रुफोर्ड या ब्रिटिश ड्रमवादकाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या 'अर्थवर्क्स' या जॅझ चमूत इलेक्ट्रॉनिक पाट्यांवरून स्वर व कॉर्डही वाजविले. 'रश' या चमूने तिघांच्या हातांबाहेरचे आवाज पेलण्यासाठी पायाखालच्या पट्ट्या व ड्रमवादक नील पर्ट याच्या पाट्या यांचा आधार घेतला. आवाज साठविलेले असले तरी ते योग्य क्षणी कोणा वादकाच्या हाताने वा पायाने उठावेत, हे त्यामागील धोरण. 'डेफ लेपर्ड' या चमूचा ड्रमवादक रिक ॲलन याचा डावा हात ३१ डिसेंबर १९८४ रोजी झालेल्या मोटार अपघातात गेला. त्यानंतर त्याच्यासाठी बनविलेल्या इलेक्ट्रॉनिक संचात डाव्या हाताचे आवाज डाव्या पायाखालच्या पेडलांवर आणले गेले आणि १९८६ साली डॉनिंग्टन येथील मोठ्या महोत्सवात तो पुन्हा उभा राहिला. या उदाहरणाचा बेसशी थेट संबंध नाही. परंतु कोणता आवाज कोणत्या अवयवाने वाजवावा, हे आता वाद्याच्या आकाराने ठरत नसून वादकाच्या गरजेने ठरते, हे तत्त्व त्याने जितके स्पष्ट केले तितके अन्य कोणी केले नाही. ड्रमवादकाने बेस वाजविणे हे त्याच तत्त्वाचे एक उपांग होय.

याच काळात दुसरा प्रवाहही जोरात होता. तालयंत्र सर्व आराखडा स्वतः वाजवी आणि माणसांनी त्याच्याशी जुळवून घ्यावे, अशी स्थिती निर्माण होत होती. १९८२ साली ब्रिटनमधील संगीतकारांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर व तालयंत्रे यांवर बंदी घालावी असा ठराव केला. त्या ठरावाची पुढे थट्टा झाली आणि बंदी कधीच अमलात आली नाही. तथापि ज्यांची रोजीरोटी त्या यंत्रांनी धोक्यात आणली होती त्यांच्या दृष्टीने तो ठराव थट्टेचा विषय नव्हता. येथे हेही नमूद केले पाहिजे की, बेसचा अभाव हा नेहमी उणीव भरून काढण्याचाच प्रश्न नसतो. प्रिन्स या अमेरिकन संगीतकाराच्या १९८४ सालच्या 'व्हेन डव्ज क्राय' या गाजलेल्या गीतात बेसचा भाग मुद्दाम वगळलेला आहे व लिन कंपनीच्या तालयंत्राचे ठोके जवळजवळ उघडे ठेवले आहेत. खर्ज रिकामा ठेवणे हाही एक निर्णय असू शकतो. यंत्र स्वर देऊ शकते म्हणून तो दिलाच पाहिजे असे नाही.

महाराष्ट्रात आठ पाट्यांच्या त्या पेटीला 'ऑक्टोपॅड' या नावाने घरोघर ओळख मिळाली, आणि पुढे कोणत्याही कंपनीच्या तशा पेटीला तेच नाव पडले. चित्रपटगीतांचे ऑर्केस्ट्रे, भावगीतांचे कार्यक्रम, गणेशोत्सवातील मंच येथे ढोलकी-तबल्याच्या शेजारी ती उभी असते. बेसचा भाग मात्र येथे बहुधा बेस गिटारकडे किंवा कळफलक वाजविणाऱ्याच्या डाव्या हाताकडे राहिला. छोट्या संचात जेव्हा तो पाट्यांवर येतो, तेव्हा एक अडचण प्रकर्षाने जाणवते. आपल्याकडे गायकागणिक पट्टी बदलते. एकाची काळी एक, तर दुसरीची काळी पाच. त्यामुळे पाट्यांवर नेमलेले स्वर प्रत्येक गीताआधी त्या पट्टीला नेऊन ठेवावे लागतात. मिडीच्या पद्धतीत हे काम क्रमांक सरसकट वाढविण्या-घटविण्याइतके सोपे आहे. पण ते विसरले गेले, तर चूक तालाची न राहता सुराची होते, आणि ती सर्व सभागृहाला ऐकू जाते.

७

या शेवटच्या वाक्यातच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. ड्रमवादकाकडे बेस आला तेव्हा त्याच्याकडे केवळ आणखी एक आवाज आला नाही. एक नवी जबाबदारी आली. पूर्वी त्याचा हात चुकला तर मात्रा चुके. आता हात शेजारच्या पाटीवर पडला तर गीताचा पायाच सरकतो. त्याला गीताची स्वररचना पाठ असावी लागते, कॉर्ड कोठे बदलतो हे आधी ठाऊक असावे लागते, आणि गायकाने ऐन वेळी अंतरा पुन्हा घेतला तर त्याच क्षणी योग्य स्वराकडे वळावे लागते. ध्वनिमुद्रित बेस हे करू शकत नाही. तो अंतरा संपवून पुढे गेलेला असतो. हाताने वाजविलेला बेस थांबू शकतो. या अर्थाने इलेक्ट्रॉनिक ड्रमांवरील बेस हे यांत्रिकीकरणाचे उदाहरण नसून, यांत्रिकीकरणाच्या युगात हाताने राखलेल्या एका जागेचे उदाहरण आहे.

परंतु याची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासकाराला शोभणार नाही. चार अथवा आठ पाट्यांवर बेसचा सांगाडा येतो. त्याची चाल येत नाही. चांगला बेसवादक एका कॉर्डच्या मूळ स्वरावरून दुसऱ्याकडे जाताना मधले स्वर घेत जातो, कोठे तार किंचित ओढतो, कोठे मुद्दाम उशीर करतो, आणि या सर्वांतून गायकाच्या रेषेला समांतर अशी दुसरी रेषा उभी करतो. ही रेषा पाट्यांवर फार थोड्या प्रमाणात साधते. ज्यांनी त्यावर उपाय म्हणून एकाच पाटीत अनेक स्वर क्रमाने भरून ठेवले व दर आघाताला पुढचा स्वर यावा अशी योजना केली, त्यांनी निवडीचा प्रश्न सोडविला खरा. पण निवड पुन्हा यंत्राकडे गेली. एक आघात चुकला की पुढील सर्व स्वर एकेक घर मागे पडतात. हात आणि यंत्र यांच्यामधील सीमारेषा कोठे आहे, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल : वेळ ठरविणे आणि स्वर ठरविणे ही दोन्ही कामे वादकाकडे असतील, तरच तो बेस त्याने वाजविला असे म्हणता येते.

दुसरा तोटा माणसाचा. बेसवादकाची जागा वाचली की एका कलावंताची बिदागीही वाचते. आणि जे एका कार्यक्रमात वाचले ते पुढच्या कार्यक्रमात गृहीत धरले जाते. ज्या वादकाने दुसऱ्याचे काम उचलले, त्याला दुप्पट मोबदला मिळतोच असे नाही. हा प्रश्न वाद्याच्या रचनेने निर्माण केलेला नाही व तिने सुटणाराही नाही; परंतु वाद्यांचा इतिहास लिहिताना तो वगळला, तर तो इतिहास यंत्रांची नामावली होऊन बसेल.

सारांश, ताल आणि खर्ज यांची फारकत ही वाद्यसंगीताची सनातन अवस्था नव्हे. ती एका विशिष्ट काळातील वाद्यांच्या मर्यादांमुळे घडली. टिंपनीवादक, डग्गावादक आणि आजचा पाट्या वाजविणारा ड्रमवादक हे एकाच दीर्घ परंपरेचे वारस आहेत. इलेक्ट्रॉनिक ड्रमांनी उच्चता, अवधी आणि निवड ही तीन साधने पुन्हा ताडनवादकाच्या हाती दिली. ती हातात राहतात की यंत्रात जाऊन बसतात, हे मात्र प्रत्येक कार्यक्रमात नव्याने ठरते. महाराष्ट्रातील ऑर्केस्ट्रांत आणि भजनमंडळांत गेली काही दशके ज्यांनी या पाट्या वाजविल्या, त्यांनी पट्टी, अवधी आणि पाट्यांची मांडणी यांचे प्रश्न कसे सोडविले, हे त्यांच्याच मुखातून नोंदवून घेण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे. ही विद्या बहुतांशी लिखित नाही. ती वादकांच्या स्मरणात आहे. यास्तव ते काम जितके लवकर हाती घेतले जाईल तितके बरे.